फ्रीजला स्टार, टायरला अंधार

धान खरेदी, रस्ते, नगरपरिषद हे सगळं बाजूला ठेवून आज टायरवर लिहून राहिलो. हसू नका. पोस्ट लांब आहे, शेवटपर्यंत वाचा आणि मग हसायचं असेल तर हसा.

सुरुवात घरातूनच करतो. आमचे भाऊजी बँकेत आहेत. गोंदिया ते सडक अर्जुनी रोजचं अप-डाउन, दिवसाला शंभरच्या आसपास किलोमीटर. २०२२ च्या दिवाळीला त्यांनी हायब्रिड गाडी घेतली. त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा काही लाख जास्त मोजले, कर्ज काढलं. ताई म्हणाली, एवढे पैसे काहून? भाऊजींनी वही काढून हिशोब दाखवला. पेट्रोलमध्ये वाचतील, सात-आठ वर्षांत वसूल.

वही हा त्यांचा जुना रोग आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल, किलोमीटरची नोंद, भागाकार. गाडीने पावणेतीन वर्षं त्यांना लिटरला सरासरी २३ दिले. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा नव्हे, कारंजा-गोरेगाव-कोहमारा रस्त्यावरचा खरा आकडा.

यंदा जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी त्यांनी चारही टायर बदलले. नक्षी घासली होती, बदलणं भागच होतं. दुकानदाराने साइज बरोबर दिली, कंपनीही तीच जुनी, फक्त नक्षी वेगळी. "यही सबसे ज्यादा चलता है भैया." अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, चौतीस हजाराच्या आसपास बिल झालं.

आणि वहीतला आकडा २१.२ वर आला.

भाऊजी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे सांगितलं, तुमची चालवायची पद्धत बदलली असेल. पन्नाशीतला माणूस, तोच रस्ता, तीच बँक, तीच वेळ, आणि चालवायची पद्धत टायर बदलल्याच्या दिवशी बदलली? दुसऱ्याने सांगितलं, इथेनॉल. हल्ली माइलेज पडलं की सगळे इथेनॉलकडे बोट दाखवून मोकळे होतात. ई-२० ने माइलेज थोडं कमी होतं हे सरकारनेही कबूल केलंय. पण भाऊजींच्या गाडीत मे महिन्यातही तेच पेट्रोल होतं, त्याच पंपाचं. जूनमध्ये फक्त टायर बदलले होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उद्या कोणी जाणकार मला कमेंटमध्ये पकडेल. नवा टायर घासलेल्या टायरपेक्षा थोडं जास्त इंधन खातोच. नव्या टायरवर सात-आठ मिलिमीटर रबराची नक्षी असते, ती प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते आणि त्यात ऊर्जा जाते. त्यामुळे सुरुवातीची घसरण समजण्यासारखी आहे. पण सहा हजार किलोमीटर झाल्यावरही आकडा २१.५ च्या वर सरकला नाही.

लिटरमागे दीड किलोमीटर. किरकोळ वाटतं ना? ४० हजार किलोमीटरचा हिशोब करा. २३ च्या माइलेजने १,७३९ लिटर पेट्रोल लागतं, २१.५ ने १,८६०. फरक १२१ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण १२,७०० रुपये. म्हणजे चार टायर घेतले आणि जवळपास दीड टायरचे पैसे वरून पंपावर भरले. त्याचं बिल कोणी देत नाही, म्हणून ते दिसत नाही.

आता मुद्द्याचं. तो टायर वाईट आहे असं मी म्हणत नाही, म्हणून गाडीचं, टायरचं, दुकानाचं नाव लिहिलेलं नाही. कदाचित तो टायर जास्त टिकेल, कदाचित पावसात चांगला धरेल. माझी तक्रार वेगळी आहे. तो टायर किती इंधन खातो हे विकत घेण्याआधी कळायचा एकही मार्ग गोंदियात भाऊजींना नव्हता. मलाही नव्हता. आणि खरं सांगतो, दुकानदारालाही नव्हता.

मी मुद्दाम शहरातली चार दुकानं फिरलो. एकच प्रश्न विचारला, "या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स किती?" पहिल्याने वॉरंटी सांगितली. दुसऱ्याने कॅशबॅक सांगितला. तिसरा म्हणाला, "साहब, घुमाव-फिराव सब बढिया है." चौथे दुकानदार वयस्क होते, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊ, वीस वर्षांपासून टायर विकून राहिलो, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला." त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. दोष त्यांचा नाही. त्यांना कंपनीने जे सांगितलं तेच ते आपल्याला सांगणार.

रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. बैलबंडी डांबरी रस्त्यावर एका बैलानेही सरकते आणि चिखलणीच्या बांधीत दोन बैल लावले तरी फसते. बंडी तीच, चाक ज्यावर फिरतं तिथला विरोध वेगळा. मोटारीत हा विरोध टायरच्या आतच असतो. रबर दबतं, गरम होतं, पुन्हा सरळ होतं. जे गरम झालं ते तुमचं पेट्रोल. युरोपियन युनियनच्या टायर कायद्यातच लिहिलंय की वाहनाच्या इंधनातला २० ते ३० टक्के वाटा टायरपायी जातो. रबराच्या मिश्रणात सिलिका घालून हा विरोध कमी करायची युक्ती १९९० च्या दशकापासून बाजारात आहे. म्हणजे हे काही कालचं विज्ञान नाही.

हायब्रिडवाल्याला हे जास्त का झोंबतं? कारण हायब्रिडची सगळी कमाई थेंबाथेंबाची आहे. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घ्यायची, गावातल्या संथ गर्दीत इंजिन बंद ठेवून मोटारवर सरकायचं, उतारावर वाहू द्यायचं. कमी वेगात हवेचा विरोध थोडा असतो, टायरचा मात्र कायम. जड फिरणारा टायर बसवला की गाडी लवकर थांबते, बॅटरी लवकर उतरते, इंजिन लवकर सुरू होतं. म्हणूनच कंपनी नव्या गाडीला कमी विरोधाचे टायर निवडून लावते. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडचा २७.९७ चा प्रमाणित आकडा, सिटी हायब्रिडचा २०२२ मधला २६.५ चा आकडा, हे नुसत्या इंजिनचे आकडे नाहीत, त्यात टायरचाही वाटा आहे. पण जाहिरातीत इंजिनचा जयजयकार असतो, टायरचा उल्लेख नसतो. चार वर्षांनी तुम्ही त्याच साइजचा दुसरा टायर बसवता आणि विकत घेतलेलं माइलेज गुपचूप परत करता. चार मीटरहून लांब हायब्रिडवर आजही ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे त्या माइलेजवर सरकारने करसुद्धा घेतलाय.

आता सगळ्यात संताप आणणारी गोष्ट.

तुम्हाला वाटेल की भारतात टायर मोजतच नसतील. मोजतात! जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली. मोटार, छोटे मालवाहू आणि ट्रक-बस, तिन्ही प्रकारच्या टायरना एआयएस-१४२ नावाचं मानक लागू केलं. त्यात तीन चाचण्या आहेत. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. मोटारीच्या टायरला मर्यादा आहे एक टन वजनामागे १०.५ किलो. म्हणजे टनभर वजन पुढे न्यायला टायरपायी साडेदहा किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. चांगली गोष्ट आहे, स्वागत.

पण पुढे ऐका. युरोपात ज्या टायरला ६.५ किंवा त्याहून कमी लागतात तो पहिल्या वर्गाचा. आपल्याकडे ६.५ वालाही पास आणि १०.५ वालाही पास. दुकानात दोघे शेजारी टांगलेले, दोघेही काळे, दोघेही गोल. हा निकाल म्हणजे दहावीच्या पोराला नुसतं "उत्तीर्ण" सांगायचं आणि गुणपत्रिका मंडळाच्या कपाटात ठेवायची, असा प्रकार झाला. गुण आहेत, कंपनीकडे आहेत, चाचणी करणाऱ्या संस्थेकडे आहेत. फक्त पैसे मोजणाऱ्या पालकाला दाखवायचे नाहीत.

बरं, स्टारची योजनाही आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, जी फ्रीज आणि एसीला स्टार देते, तिने टायरलाही स्टार द्यायला सुरुवात केलीय. पाच स्टार मिळालेले टायर देशात आहेतही. पण ही योजना ऐच्छिक! ज्याला वाटलं त्याने स्टार घ्यावा, ज्याला नको त्याने घेऊ नये. आता मला सांगा, ज्या विद्यार्थ्याला ३६ टक्के आहेत तो स्वतःहून गुणपत्रिका फ्रेम करून दिवाणखान्यात लावेल का?

चाचणीचा कायदा रस्ते खात्याकडे, स्टार ऊर्जा खात्याकडे. दोन खात्यांमध्ये जी भिंत आहे, त्या भिंतीत आपल्या टायरचा स्टार चिणला गेलाय.

युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचं आहे. मे २०२१ पासून ते आणखी कडक झालं. इंधनाचा वर्ग, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग, दोन्ही ए ते ई अशा पाच पायऱ्यांत, आणि शेजारी आवाजाचा आकडा. ट्रकच्या टायरलाही तेच, ऑनलाइन विक्रीलाही तेच. आणि मजा बघा, भारतात बनलेला टायर युरोपात विकायला गेला की तोही हे लेबल लावूनच दुकानात बसतो. म्हणजे आपल्याच देशातला कारखाना तिकडच्या गिऱ्हाईकाला सगळं खरं सांगतो, आणि आमगावच्या, तिरोड्याच्या, देवरीच्या गिऱ्हाईकाला "यही सबसे ज्यादा चलता है." आपण काय सावत्र आहोत?

आता मला येणाऱ्या कमेंट आधीच माहीत आहेत.

पहिली, "भाऊ, गोंदियात हायब्रिड किती? गरिबाचे प्रश्न लिहा." अहो, गरिबाचाच प्रश्न लिहून राहिलो. हायब्रिडवाला बँकेत आहे, वही ठेवतो, म्हणून त्याला कळलं. बालाघाट रोडला काळी-पिवळी चालवणाऱ्याला कळत नाही, पण पेट्रोल-डिझेल त्याचंही जातं. धानाची पोती भरून मिलवर येणाऱ्या पिकअपचं जातं. आपल्या राईस मिलचा तांदूळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून रायपूर-नागपूरकडे नेणाऱ्या ट्रकचं तर सगळ्यात जास्त जातं, कारण वजन जितकं जास्त आणि चाकं जितकी जास्त, तितका टायरचा वाटा मोठा. ते भाडं शेवटी कुणाच्या तांदळात मिसळतं? म्हणून हा विषय हायब्रिडवाल्याचा नाही. त्याच्या वहीमुळे तो उघडा पडला, एवढंच.

दुसरी कमेंट, "आपल्या रस्त्यांना टिकाऊ टायर लागतो, माइलेजवाला नाही." मान्य! खड्ड्यात टायर फाटण्यापेक्षा दोन पैसे जास्त गेलेले परवडले असं कोणाला वाटत असेल तर तो त्याचा निर्णय. पण निर्णय घ्यायला माहिती लागते ना? आकडे लावा, मग मी ठरवतो की मला माइलेज हवं की मजबुती.

तिसरी, "लेबल लावलं की टायर महाग होईल." चाचणी आधीच झालीय. स्टिकर चिकटवायला किती खर्च येतो हो? २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या दहा टक्क्यांच्या सवलतीसोबत एक कागदाचा तुकडा मागितला तर कोणाचं दिवाळं निघणार नाही.

आणि पकडीचं विसरू नका. पेट्रोल वाचवायच्या नादात पावसात घसरणारा टायर कोणी आपल्या गळ्यात मारू नये, म्हणूनच दोन्ही वर्ग शेजारी-शेजारी छापलेले हवेत. श्रावणात कोहमारा ते नवेगावबांध रस्त्यावर जंगलातून अचानक जनावर आडवं येतं, तेव्हा माइलेज नाही, ब्रेक लागल्यावरचे दोन मीटर महत्त्वाचे असतात.

एक हिशोब माझ्या धंद्याचाही मांडतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना शिकवणं होईल. वीस वर्षं झाली पत्रकारितेत. दरवर्षी दसऱ्याला आम्ही ऑटो पुरवणी काढतो. कंपनीने पाठवलेला माइलेजचा आकडा जसाच्या तसा छापतो. टायरवर आजवर मी एकही ओळ लिहिली नव्हती. समृद्धीवर अपघात झाला की मथळा असतो "टायर फुटल्याने", आणि बातमी तिथेच संपते. कोणता टायर, किती जुना, हवा किती होती, आम्ही कधी विचारलं? पदविकेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमीत "का" असलाच पाहिजे. टायरच्या बाबतीत आम्ही तो "का" विकून टाकला.

मग करायचं काय? सरकार जागं होईपर्यंत निदान एवढं करा.

गाडीला कंपनीने लावलेल्या टायरचं पूर्ण नाव, नक्षीच्या नावासकट, घासून जायच्या आधी फोटो काढून ठेवा. कंपनी तीच असली तरी नक्षी बदलली की टायर बदलला असं समजा. साइजनंतरचा आकडा आणि अक्षरही बघा. २१५/६० आर १७ च्या पुढे ९६ एच असेल तर ९६ म्हणजे एका टायरची ७१० किलो पेलायची ताकद आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतची वेगमर्यादा. हायब्रिडमध्ये बॅटरीचं वजन असतं, त्यामुळे ९६ च्या खाली उतरू नका. रुंद टायर "दिसायला भारी" म्हणून बसवू नका. २१५ च्या जागी २२५ बसवला तर घेर पावणेदोन टक्के वाढतो, मीटर चुकतो आणि तुमची वहीही चुकते.

टायरवर चार आकडी तारीख असते. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. आपल्या उन्हाळ्यात गोदामात दोन-तीन वर्षं भाजलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. आयएसआय खूण बघा. हवा मात्र फुकटची कमाई आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दाब लिहिलेला असतो, तो सकाळी टायर थंड असताना तपासा. पंपावरचा पोरगा "पैंतीस मार दूँ?" म्हणतो, त्याला तुमच्या गाडीचा आकडा सांगा. कमी हवेचा टायर कितीही स्टारचा असला तरी इंधन खाणारच.

आणि दुकानात विचारा. "याला बीईईचे स्टार किती? ओल्या रस्त्याची पकड किती?" उत्तर मिळणार नाही, तरी विचारा. महिन्यात पन्नास गिऱ्हाईकांनी विचारलं तर दुकानदार कंपनीच्या माणसाला विचारेल. त्या वयस्क दुकानदारांनी मला येताना सांगितलंच, "आता आला की विचारतो त्याला."

आता सरकारला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत जाणून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाचे कार्यक्रम होतात, हार होतात, भाषणं होतात. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात. या परिषदेने एक ठराव करावा, एवढीच विनंती आहे. मोटार, पिकअप, ट्रक, प्रत्येक टायरवर चाचणीचे आकडे आणि स्टार लावणं केंद्राने सक्तीचं करावं. आणि गाडी कंपन्यांनी मालकाच्या पुस्तिकेत लिहावं की जाहिरातीतलं माइलेज कोणत्या दर्जाच्या टायरवर मिळालं.

नितीन गडकरी साहेब, २०२२ ची अधिसूचना तुमच्याच खात्याची. तुम्ही नागपूरचे, म्हणजे आमच्या शेजारचे. इंधनाची आयात कमी झाली पाहिजे, हे तुम्ही प्रत्येक व्यासपीठावरून सांगता. परीक्षा तुम्ही घेतली, गुणही दिले. आता गुणपत्रिका वाटा.

मी येत्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देणार आहे. भाऊजींच्या वहीच्या झेरॉक्ससकट. ज्यांनी टायर बदलल्यावर माइलेज पडलेलं पाहिलंय, मग ती हायब्रिड असो, काळी-पिवळी असो की पिकअप, त्यांनी बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा खाली लिहा. गाडी कोणती ते लिहा, दुकानाचं नाव लिहू नका. भांडण दुकानदाराशी नाही.

भाऊजींनी वही माझ्याकडे दिली तेव्हा एकच म्हणाले, "याच्यात दीड किलोमीटर हरवलाय, शोधून दे." मला तो सापडला नाही. कुठे लपवलाय तेवढं कळलंय.